पाठीतली सुई आणि आईचा नकार

‘आम्ही दोन-दोन बाळंतपणं काढली, आम्हाला कुणी दिली होती पाठीत सुई?’ म्युनिकहून पत्र लिहिणाऱ्या मुलीच्या आईने फोनवर एवढं म्हटलं आणि विषय मिटवून टाकला. मुलगी जूनमध्ये बाळंतपणाला माहेरी, मुलुंडला यायची आहे. तारीख जुलैअखेरची. तिला एपिड्युरल, म्हणजे कळांच्या वेदना कमी करायला पाठीतून देतात ती भूल, हवंय. आई ऐकायला तयार नाही.

आधी तुझ्या आईची बाजू घेते. मुंबईत भूलतज्ज्ञ म्हणून मी तीस वर्षं काम केलं आणि हा नकार कितीतरी आयांच्या तोंडून ऐकला. त्यामागे बहुतेक वेळा ओळखीतली एखादी बाई असते. ‘सिझरच्या वेळी पाठीत सुई दिली, तेव्हापासून कंबर धरली ती धरलीच,’ असं सांगणारी. ती खोटं बोलत नसते, तिची कंबर खरंच दुखते. पण सिझरसाठी सहसा देतात ती स्पायनलची सुई. तिचं औषध मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जातं. एपिड्युरलचं औषध त्या पाण्याच्या पडद्याबाहेरच राहतं. दोन्हींत सुईची जागा काही दिवस ठणकते, पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्यातून येते असं अभ्यासांत आढळलेलं नाही. नऊ महिने ओझं पेललेली कंबर, सैल झालेले सांधे, रात्र रात्र वाकून पाजणं, यानेही कंबर धरते, आणि सुई न घेतलेल्या बायकांचीही धरतेच.

एपिड्युरल देतात कसं, हे आईला सांग. दोन कळांच्या मधे तुला पलंगाच्या कडेला बसवतात. उशी पोटाशी घट्ट धरायची, हनुवटी छातीला टेकवायची, पाठ मांजरासारखी गोल करायची. सिस्टर समोरून खांदे धरते. स्पिरिटचा गार बोळा फिरतो, जागा बधिर करायला मुंगी चावल्यासारखं एक इंजेक्शन, मग नुसता दाब जाणवतो. सुईतून शिवणाच्या दोऱ्यासारखी बारीक नळी आत सरकवतात आणि सुई काढून घेतात. पाठीत राहते ती नळी, सुई नव्हे. हे कळलं की निम्म्या आयांची भीती तिथेच ओसरते. पंधरा-वीस मिनिटांत कळांची धार बोथट होते. अशा वेळी मी बाहेर बसलेल्या आईला आत बोलवायची आणि तिचा हात लेकीच्या पोटावर ठेवायची. हाताखाली पोट दगडासारखं कडक होतंय आणि लेक शांतपणे पाणी मागतेय! किती जणींचे डोळे तेव्हा भरून आले, काय सांगू.

तोटेही लपवणार नाही. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून सलाइन आणि सतत तपासणी लागते. अंगाला खाज, थंडी वाजणं, पाय जड होणं, लघवीसाठी नळी लागणं, हे होतं. कधी एकाच बाजूची कळ थांबते, मग नळी सारखी करावी लागते. शंभरात साधारण एकीला नंतर उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं, त्यावर उपचार आहेत. जोर द्यायचा टप्पा थोडा लांबतो. मात्र एपिड्युरलमुळे सिझर वाढत नाही. उलट सिझरची वेळ आलीच, तर बहुतेकदा त्याच नळीतून जास्त औषध देता येतं.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. तिकडे म्युनिकला भूलतज्ज्ञाशी बोलणं, कागदावर सही हे सहसा आधीच उरकतं. मुंबईतल्या पुष्कळ छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून बोलावतात. एका जुलैत मला रात्री दीड वाजता फोन आला. ती मुलगी संध्याकाळपासून मागत होती, पण ‘एवढ्यात कशाला’ म्हणत नर्सिंग होमवाल्यांनी वेळ काढला. वाटेत दादरजवळ हिंदमाताला पावसाचं गुडघाभर पाणी. मी पोचले तेव्हा बाळंतपण होऊन टाकेही घालून झाले होते. ‘मॅडम, मी सांगत होते हो,’ एवढंच ती म्हणाली. आजही आठवलं की वाईट वाटतं.

तुझीही तारीख पावसातलीच आहे. तेव्हा उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात जाऊन विचार: रात्री दोनला भूलतज्ज्ञ इमारतीत असतो की घरून येतो? नळी घातल्यावर लक्ष कोण ठेवतं? मागितल्यावर देता, की गर्भाशयाचं तोंड अमुक इतकं उघडेपर्यंत थांबवता? (तसं थांबायची गरज नसते.) पॅकेजमध्ये धरलंय की बिल वेगळं? उत्तरं गुळमुळीत आली तर मोठं हॉस्पिटल बघ. या भेटीला आईला घेऊन जा. तिच्या शंका तिने स्वतः डॉक्टरांना विचारू देत, तू मधे बोलू नकोस.

विमानाचंही सांगते. 28 आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 नंतर सहसा घेत नाहीत. लांबच्या प्रवासासाठी तिकडच्या डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं दिली, तर इथल्या डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांग. शेवटच्या डोसनंतर काही तास, डोस मोठा असेल तर दिवसभरही, पाठीत सुई घालता येत नाही. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, फार कमी असल्या तरी नाही. कुठलं इंजेक्शन, किती, कधी घेतलं ते मराठीत कागदावर लिही आणि तो कागद आईच्या पर्समध्ये ठेव. कळा सुरू झाल्यावर हे सांगायचं भान तुला नसेल, तिला असेल.