लहान विमानतळावर धोके नोंदवण्याची कमी खर्चाची व्यवस्था कशी उभारावी?

आपल्या विमानतळावर कर्मचारी मोजके आहेत आणि सुरक्षा व्यवस्थापनाच्या महागड्या सॉफ्टवेअरसाठी तरतूद नाही, अशा स्थितीत काय करावे, असे आपण विचारले आहे. मी मुंबईत याच क्षेत्रात काम करतो आणि माझ्या मते सुरुवातीला सॉफ्टवेअर घेऊच नये. २०१३ पासून लागू झालेले आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे परिशिष्ट १९ (सुरक्षा व्यवस्थापनाविषयीची मानके) धोके ओळखण्याची ठरावीक प्रक्रिया मागते, विशिष्ट संगणकप्रणाली नव्हे. धोका, ठिकाण, वेळ, जोखमीची श्रेणी, जबाबदार व्यक्ती आणि उपायाची मुदत एवढे रकाने असलेली स्प्रेडशीट पुरेशी आहे. श्रेणी ठरवण्यासाठी याच संघटनेच्या मार्गदर्शिकेतील, शक्यतेच्या पाच आणि गांभीर्याच्या पाच पायऱ्यांचा तक्ता वापरावा.

खरी अडचण नोंदी येत नाहीत ही असते. जुहूसारख्या समुद्राजवळच्या विमानतळावर पावसाळ्यात गवत वाढते, किडे होतात आणि त्यांच्यामागे पक्षी येतात. हे सर्वांत आधी दिसते ते गवत कापणाऱ्या कंत्राटी कामगाराला, आणि इंग्रजीतला दोन पानी फॉर्म त्याच्यासाठी नसल्यातच जमा असतो. त्याला मराठीत किंवा हिंदीत बोलून, छायाचित्र पाठवून किंवा चिठ्ठी टाकून नोंद देता आली पाहिजे. व्हॉट्सअॅप चालेल, पण गट नको. एकच क्रमांक ठेवावा आणि आलेला संदेश त्याच दिवशी स्प्रेडशीटमध्ये उतरवावा, अन्यथा तो शुभेच्छांच्या ढिगात हरवतो.

नाव न लिहिण्याची मुभा अवश्य द्यावी, परंतु पंधरा-वीस माणसांच्या ठिकाणी पाळीवरून आणि हस्ताक्षरावरूनही माणूस ओळखू येतो, हे विसरू नये. म्हणून नोंद स्वीकारणारी व्यक्ती हजेरी आणि पाळ्या लावणारी नसावी. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिक व इतर कर्मचारी आपल्या नोंदी नियामकाकडे न देता नासा चालवत असलेल्या व्यवस्थेकडे पाठवतात आणि तेथे ओळख पुसली जाते. त्याच धर्तीवर तीन-चार लहान विमानतळांनी मिळून बाहेरचा एखादा निवृत्त अधिकारी नेमल्यास खर्चही वाटला जाईल. (अपघात आणि गंभीर घटना कळवण्याचे कायदेशीर बंधन वेगळे आहे, ही व्यवस्था त्याला पर्याय नाही.)

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद देणाऱ्याला आठवडाभरात उत्तर मिळावे, मग ते 'सध्या शक्य नाही, कारण हे आहे' असे का असेना. ज्याची पहिली नोंद अनुत्तरित राहते, तो दुसरी देत नाही. नाव नसलेल्या नोंदींची उत्तरे सूचनाफलकावर लावावीत. हद्दीबाहेरच्या कचऱ्यासारखे धोके आपल्या हाती नसतात; तेथे विमान नियमावली, १९३७ मधील नियम ९१ विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी आकर्षित करणारा कचरा टाकण्यास मनाई करतो, त्याचा हवाला देऊन तारीखवार नोंदींसह महापालिकेला किंवा ग्रामपंचायतीला पत्र द्यावे.