मिस्साला न येणारा मुलगा आणि गासची आजी

प्रश्न: आम्ही मूळचे वसईतल्या गासचे, सध्या इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. सोळा वर्षांच्या मुलानं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या सामुदायिक उपासनेला, यायचं बंद केलंय. सासूबाई दर रविवारी फोनवर विचारतात, "पोर चर्चला गेलं ना?" काय सांगू?

उत्तर: ताई, सासूबाईंना खरं काय ते सांगून टाका. त्यांनी आयुष्यात याहून कठीण गोष्टी पचवल्या असतील.

तुमचा मुलगा काही जगावेगळा नाही. इंग्लंड-वेल्सच्या जनगणनेत २०११ साली ५९.३ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं होतं, २०२१ साली ४६.२ टक्क्यांनी. त्यातलेही कितीतरी जण रविवारी चर्चकडे फिरकत नाहीत. १९९४च्या कायद्यानं तिथली मोठी दुकानं रविवारी उघडली, पोरांचे फुटबॉलचे सामनेही रविवारी सकाळीच असतात. शिवाय चर्चमध्ये मुलांवर झालेल्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण आहेच. कॅथलिक चर्चनं मुलांपेक्षा आपल्या नावाला जपलं, असं तिथल्या सरकारी चौकशीचा नोव्हेंबर २०२०चा अहवाल सांगतो. मुलानं हा विषय काढला तर "असलं बोलू नये" म्हणून त्याला गप्प करू नका. त्याचा राग रास्त आहे.

पण मला वाटतं, खरं दुखणं वेगळंच आहे. वसईत मिस्सा नुसती मिस्सा नसते. आजी लाल लुगडं नेसून पहाटेच निघते. मिस्सा सुटली की आवारात बायकांचे घोळके, कुणाचं लग्न ठरलं, केळीला काय भाव आला, कोण आजारी आहे. तीन घरं ओलांडेपर्यंत पोराला चार जण हाका मारतात. लेस्टरला तो गाडीतून उतरतो, तासभर अनोळखी माणसांत बसतो आणि परत गाडीत. तिथं त्याला नावानं ओळखणारं कुणी आहे का, हे आधी विचारा. श्रद्धेचं नंतर बघू.

सामना रविवारी असेल तर शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जा, चर्चच्या नियमानं रविवारचं कर्तव्य त्यातच पुरं होतं. जवळपास वसईची चार घरं असतील तर मिस्सानंतर आळीपाळीनं एकमेकांकडे जेवायला बसा, पोरांनाही आपली माणसं मिळतील. घरी रोझरीचं (जपमाळेचं) एखादं दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप, मराठीतून म्हणा, आजीला व्हिडिओ कॉलवर घेऊन. सुरुवात तिलाच करू द्या.

एवढं करूनही तो नाहीच म्हणाला, तर तुम्ही जात राहा. आणि परत आल्यावर त्याच्या ताटात वाढताना तोंड पाडून वाढू नका.