ड्राफ्ट आवडला, मोठं चित्र भलतंच आलं

प्रश्न : एआयवर चित्र करताना मी आधी छोटे, झटपट ड्राफ्ट काढतो. एखादा आवडला की तोच प्रॉम्प्ट (म्हणजे वर्णन), तोच सीड (सुरुवातीचा आकडा) देऊन मोठं चित्र मागतो, तर भलतंच काहीतरी येतं. व्हिडिओत तर क्रेडिट बघता बघता संपतात. मग ड्राफ्ट काढायचेच कशाला?

उत्तर : सीड तोच ठेवलात, पण आकार बदललात. घोळ तिथे आहे. ही मॉडेल्स नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून, म्हणजे नॉइजपासून सुरुवात करतात आणि स्टेपगणिक तो निवळत नेतात. सीडवरून तो पहिला गोंधळ ठरतो. ५१२ बाय ५१२ पिक्सेलसाठीचा गोंधळ १०२४ बाय १०२४ ला जसाच्या तसा मिळत नाही, म्हणून मांडणीच बदलते. मी तर सीडचे आकडे वहीत उतरवून ठेवत असे! वही अजून आहे, उपयोग शून्य.

आता मी आवडलेला ड्राफ्टच इमेज-टू-इमेजमध्ये, म्हणजे चित्रावरून चित्र करायच्या सोयीत, घालते आणि डीनॉइझिंग (मूळ चित्र किती बदलायचं तो आकडा) ०.३ ते ०.४ च्या आसपास ठेवते. मांडणी टिकते, बारकावे नव्याने येतात. ०.७ ला नेलं की चित्र हातचं गेलंच म्हणून समजा. मिडजर्नी या चित्रं करणाऱ्या एआयने एप्रिल २०२५ मध्ये व्ही७ आवृत्तीसोबत ड्राफ्ट मोड आणला, निम्म्या खर्चात आणि दहापट वेगाने, असं त्यांचं म्हणणं. तिथे निवडलेला ड्राफ्ट एन्हान्स, म्हणजे पूर्ण दर्जाचा, करता येतो.

ड्राफ्टमध्ये बोटं मोजू नका. दीपगृहाच्या जिन्यावर कंदील घेऊन बसलेली म्हातारी मी सहा बोटांपायी फेकून दिली होती. तसा तिरका उजेड पुन्हा कधी जमला नाही. बोटं नंतर दुरुस्त होतात. माणूस कुठे आहे, उजेड कुठून येतो, कॅमेरा किती उंचावर, एवढंच बघा. मी चित्र अंगठ्याएवढं करून बघते.

व्हिडिओत ५ सेकंद म्हणजे, सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने, १२० चित्रं, क्रेडिट संपणारच. आधी एक स्थिर चित्र पक्कं करा, ते पहिली फ्रेम म्हणून द्या, मग कमी रिझोल्यूशनवर फक्त हालचाल तपासा. पाय घसरतायत का? वस्तू मध्येच गायब होते का? हालचाल तिथेच चुकली असेल तर मोठ्या रेंडरवर (अंतिम व्हिडिओवर) भरवसा ठेवू नका, प्रॉम्प्ट बदला. म्हातारी वळते, कंदील उचलते आणि कॅमेराही मागे सरकतो, हे सगळं ५ सेकंदांत कोंबू नका. तिला नुसती वळू द्या. कंदील पुढच्या शॉटमध्ये उचलेल.