विषुववृत्तावर प्रवाह मोजणाऱ्यास पत्र

प्रिय संशोधकास,
अनेक आशीर्वाद.

तुझा छेदाचा, म्हणजे प्रवाहाला आडवं कापून घेतलेल्या मोजमापांचा, आलेख आणि सोबतचं टिपण वाचलं. आलेख चांगला उतरला आहे. पण टिपणाच्या पहिल्याच वाक्यात अंतःप्रवाहाचं, म्हणजे विषुववृत्तावर पृष्ठाखालून पूर्वेकडे वाहणाऱ्या प्रवाहाचं, वहन दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत दिलं आहेस, आणि ते कुठून कुठपर्यंत मोजलं याचा पुढे कुठेच उल्लेख नाही. त्या एका आकड्याबद्दलच हे पत्र.

वहन म्हणजे वेग गुणिले क्षेत्रफळ. सेकंदाला दहा लाख घनमीटर पाणी वाहिलं की ते एक स्वेरड्रुप. यातला वेग उपकरण देतं, क्षेत्रफळ मात्र आपण ठरवतो. म्हणून वहनाच्या आकड्यात आपले निर्णय मिसळलेले असतात, आणि विषुववृत्तावर ते इतर कुठल्याही समुद्रापेक्षा जास्त मिसळलेले असतात. का, ते आधी बघू.

मध्य अक्षांशांवर काम करणाऱ्यांना एक मोठा आधार असतो. तापमान आणि क्षारता मोजली की घनतेवरून दाबाचा उतार काढता येतो, आणि दाब व कोरिऑलिस बल (पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाहत्या पाण्याला वळवणारं बल) यांच्या समतोलातून वेग मिळतो. या गणितात कोरिऑलिसच्या गुणांकाने भागावं लागतं, आणि विषुववृत्तावर तो गुणांक शून्य होतो. करून बघ: 100 किलोमीटर अंतरात समुद्रपृष्ठाच्या उंचीत 1 सेंटिमीटरची चूक झाली, तर 20 अंशांवर वेगात सेकंदाला सुमारे 2 सेंटिमीटरची चूक येते. तीच चूक 1 अंशावर जवळजवळ 40 सेंटिमीटरची होते. अगदी विषुववृत्तावर उताराऐवजी पृष्ठाची वक्रता वापरण्याची रीत आहे, म्हणजे दुसरा अवकलज घ्यायचा. ती उपयोगी आहे, पण दुसरा अवकलज मोजमापातला गोंधळ आणखी वाढवतो. तेव्हा इथे प्रवाह थेट मोजण्याला पर्याय नाही.

अंतःप्रवाहाचा इतिहासही हेच सांगतो. 1952 साली पॅसिफिकमध्ये टाऊनसेंड क्रॉमवेल आणि त्यांचे सहकारी लांब दोरीने खोल पाण्यातली मासेमारी करून बघत होते. पृष्ठावरचं पाणी पश्चिमेकडे चाललेलं आणि खोल सोडलेलं साहित्य मात्र पूर्वेकडे जाऊ लागलं. 1954 मध्ये त्यावरचा शोधलेख आला, आणि 1958 मध्ये जॉन नॉस यांनी जहाजावरून हा प्रवाह नीट मोजला. त्याच वर्षी क्रॉमवेल विमान अपघातात गेले. खरं तर अटलांटिकमध्ये बुकॅनन यांनी 1886 मध्येच असा पूर्ववाही प्रवाह नोंदवला होता, पण पुढे तो विसरला गेला. पृष्ठाखाली जेमतेम शे-दोनशे मीटरवर, सेकंदाला मीटरभराहून अधिक वेगाने, सुमारे 300 ते 400 किलोमीटर रुंदीचा प्रवाह वाहतो आणि तो कित्येक दशकं कुणाच्या हिशेबात नसतो, याचं मला आजही नवल वाटतं.

आता तुझ्या छेदाकडे येते. जहाज रेखावृत्ताच्या बाजूने उत्तर-दक्षिण गेलं आणि त्याच्या तळाशी बसवलेल्या एडीसीपीने, म्हणजे प्रतिध्वनीवरून पाण्याचा वेग काढणाऱ्या उपकरणाने, प्रवाह मोजला. एडीसीपी पाण्याचा वेग जहाजाच्या तुलनेत मोजतो. जहाज स्वतः सेकंदाला 5 मीटरने, म्हणजे सुमारे 10 नॉटने चाललेलं असतं. पाण्याचा खरा वेग मिळवायला जहाजाचा वेग त्यातून काढून टाकावा लागतो, आणि त्यासाठी जहाजाची दिशा अचूक ठाऊक असावी लागते. समजा दिशेत फक्त 1 अंशाची चूक आहे. मग जहाजाच्या वेगातला सेकंदाला जवळपास 9 सेंटिमीटरचा भाग आडव्या घटकात शिरतो. जहाज उत्तरेकडे जातंय, म्हणजे आडवा घटक पूर्व-पश्चिम. आपल्याला नेमका तोच हवा आहे! दोन अंश दक्षिण ते दोन अंश उत्तर हे अंतर 444 किलोमीटर, खोली 200 मीटर धर. या क्षेत्रफळावर 9 सेंटिमीटर पसरले की सुमारे 8 स्वेरड्रुपचं खोटं वहन तयार होतं. अंतःप्रवाहाचं एकूण वहनच 30-40 स्वेरड्रुपच्या घरात असतं. तेव्हा दशांशापुढचे दोन अंक लिहायचे असतील तर दिशा एक दशांश अंशाहूनही कितीतरी चांगली कळलेली हवी.

दिशेची चूक शोधण्याची नेहमीची रीत तुला माहीत असेल. उथळ पाण्यात समुद्रतळाचा वेध घेऊन जीपीएसशी ताडायचं, किंवा खोल समुद्रात त्याच रेषेवर जाऊन परत यायचं. बसवतानाच एडीसीपी थोडा वाकडा बसला असेल, तर जातानाची चूक पूर्वेला आणि येतानाची पश्चिमेला पडते. दोन्हींतला फरक बघितला की चूक पकडता येते.

पण जायरो होकायंत्राची एक चूक या रीतीत सापडत नाही, आणि ती विषुववृत्तावर काम करणाऱ्याने मनावर कोरून ठेवावी अशी आहे. जायरो पृथ्वीच्या फिरण्यावरून उत्तर शोधतो. विषुववृत्तावरचं जहाज पृथ्वीबरोबर सेकंदाला सुमारे 465 मीटरने पूर्वेकडे जातच असतं. त्यात त्याचा स्वतःचा उत्तरेकडचा 5 मीटरचा वेग मिळाला की जायरोची उत्तर सुमारे 0.6 अंश पश्चिमेला सरकते. दक्षिणेकडे निघालं की तीच पूर्वेला सरकते. म्हणजे दिशेची चूकही उलटते आणि जहाजाचा वेगही उलटतो, आणि दोन्ही मिळून खोटा वेग जाताना-येताना एकाच बाजूला, पश्चिमेला पडतो. सेकंदाला 5 सेंटिमीटरहून थोडा जास्तच. जायरोला वेग आणि अक्षांश पुरवले असतील तर तो स्वतः दुरुस्ती करतो. पण ती दुरुस्ती चालू होती का, वेग हाताने भरलेला होता की जीपीएसवरून येत होता, हे जहाजावरच विचारून वहीत लिहून ठेवावं लागतं. नंतर आलेखावरून ते कळत नाही. अनेक अँटेनांच्या जीपीएसवरून काढलेली दिशा सोबत असली की जायरो सतत ताडता येतो. शिवाय जहाज वळल्यावर जायरो सुमारे 84 मिनिटांच्या आवर्तनाने डोलतो, तेव्हा वळणानंतरचा डेटा बेतानेच वापर.

आता खोलीच्या दोन टोकांबद्दल. जहाजाच्या एडीसीपीला वरचे 15-20 मीटर दिसत नाहीत. समुद्र खवळलेला असेल तर तळाखालचे बुडबुडे आणखी थोडं खातात. न दिसलेल्या थरात वारा पाणी ढकलत असतो, आणि तिथला वेग खालच्या पहिल्या नोंदीइतकाच मानायचा की वर जाताना वाढतो असं धरायचं, हा तुझा निर्णय. दोन्ही प्रकारे काढ आणि फरक लिही. मूरिंगवरच्या, म्हणजे समुद्रतळाला नांगरलेल्या दोरावरच्या, वर बघणाऱ्या एडीसीपीचं कारण वेगळं असतं: ध्वनीचा झोत (बीम) 20 अंशांनी कललेला असल्यामुळे पृष्ठावरून थेट परतणारा प्रतिध्वनी वरच्या सुमारे 6 टक्के अंतराची नोंद बिघडवतो. उपकरण 300 मीटरवर असेल तर साधारण 18 मीटर गेले. त्यातच जोराच्या प्रवाहात मूरिंग झुकून खाली जातं, म्हणून दाबाची नोंद प्रत्येक वेगासोबत हवी.

मग सीमा. अंतःप्रवाह कुठे संपतो? कुणी अक्षांश धरतात, कुणी समघनता रेषा (सारख्या घनतेचं पाणी जोडणारी रेषा), कुणी पूर्वेकडचा वेग ठरावीक मर्यादेखाली गेला की थांबतात. पॅसिफिकमध्ये त्याचा गाभा पश्चिमेला 200 मीटरच्या आसपास असतो आणि पूर्वेला जाताना 100 मीटरच्याही वर येतो. त्यामुळे एकाच ठरावीक खोलीची चौकट सगळ्या रेखावृत्तांना लावली तर एकीकडे प्रवाह कापला जाईल आणि दुसरीकडे भलतंच पाणी आत येईल. मला स्वतःला घनतेच्या सीमा पटतात, कारण पाणी आडवं सरकतं ते मुख्यतः समघनतेच्या थरांतून. पण निवड कुठलीही कर, ती आकड्याच्या शेजारी लिहिलेली हवी.

आणि वेळ. मध्य आणि पूर्व पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना 20 ते 30 दिवसांच्या आवर्तनाच्या अस्थिरता लाटा पश्चिमेकडे जात असतात. त्यांची तरंगलांबी साधारण 1000 किलोमीटर. त्या प्रवाहाच्या गाभ्याला उत्तर-दक्षिण हलवतात. तुझा छेद पूर्ण होईपर्यंत लाट बरीच पुढे सरकलेली असते. हिंद महासागरात तर ऋतूच सगळं बदलतात: तिथला अंतःप्रवाह वर्षभर टिकत नाही, आणि पृष्ठावर एप्रिल-मे व ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास पूर्वेकडे जोराचे झोत वाहतात. क्लाउस विर्टकी यांनी 1973 मध्ये त्यांचं वर्णन केलं, आणि त्यांच्याच नावाने ते ओळखले जातात. एका आठवड्याच्या छेदाला ‘सरासरी’ म्हणू नकोस.

सरासरीसाठी मूरिंग लागतात. पॅसिफिकमध्ये 1985 ते 1994 या दशकात ताओची सुमारे 70 मूरिंगची जाळी उभी राहिली, अटलांटिकमध्ये 1997 पासून पिराटा, हिंद महासागरात 2004 पासून रामा. या मूरिंगच्या तरंगत्या बॉयांची देखभाल करायला जाणाऱ्या जहाजांनी रेखावृत्तं पुन्हा पुन्हा ओलांडली, म्हणूनच आज छेदांची चांगली सरासरी हाताशी आहे. एकट्या मूरिंगवरून वहन काढायचं तर प्रवाहाची रुंदी गृहीत धरावी लागते, आणि प्रवाह बाजूला सरकला की तो कमी झाल्यासारखा दिसतो. बॉयाभोवती मासे जमतात, त्यामागे मासेमारी जहाजं येतात आणि साहित्याची मोडतोड होते, म्हणून डेटात भोकं असतात. तरंगते ड्रिफ्टर स्वस्त आणि पुष्कळ, पण विषुववृत्तावर पृष्ठाचं पाणी दोन्हीकडे फाकतं आणि ड्रिफ्टरही त्याबरोबर बाहेर जातात. जिथे नोंद हवी तिथेच ते सर्वांत कमी वेळ थांबतात.

खालून वर येणाऱ्या पाण्याचा वेगही तुला काढायचा आहे असं लिहिलं आहेस. तो दिवसाला मीटरभराच्या घरातला असतो, कुठलंही उपकरण तो थेट देणार नाही. आडव्या वेगांच्या फरकातून काढावा लागेल, आणि मग वर लिहिलेली प्रत्येक चूक त्यात येईल. आधी आडवा वेग पक्का होऊ दे. घाई करू नकोस.

सध्या एवढंच कर: कच्चा डेटा, जायरोची दिशा आणि जीपीएसची दिशा या तीन फाइली न जोडता वेगवेगळ्या मला पाठव, जहाजाच्या वहीतल्या जायरोच्या नोंदींच्या फोटोसह. उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा टप्पा मी स्वतंत्र काढून बघते.

कळावे.