दूध तोडल्यावरची हगवण आणि ओव्याची पावडर

दादा, तुमची पोस्ट वाचली आणि पाच वर्षांपूर्वीचा आमच्या शेडमधला पावसाळा आठवला. तुम्ही लिहिलंय, डुकराची पिल्लं आईपासून तोडली, चौथ्या दिवशी पाण्यासारखी हगवण, आणि दुकानदार सांगतोय की ओव्याची हर्बल पावडर दुप्पट करा. दुप्पट करू नका. मी केली होती.

३१ पिल्लं अठ्ठाविसाव्या दिवशी तोडली. त्याच दिवशी जागा बदलली, खाद्य बदललं, वर घरी कुटलेला ओवा आणि लसूण मुठीमुठीने घातला. पिल्लं टबापाशी यायची, नाक खुपसायची, शिंकायची आणि कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर जाऊन पडायची. आईसाठी रडतायत, असं मी समजलो. दोन दिवस टब जसाच्या तसा. तिसऱ्या दिवशी भुकेने तुटून पडली, रात्री हगवण लागली. ९ गेली.

ओव्यात थायमॉल असतं, ते जंतूंवर चालतं, हे खरंच आहे. पण पिल्लाने खाल्लं तर ना! दोन दिवस पोट रिकामं राहिलं की आतड्याच्या आतले मखमलीसारखे अंकुर झिजतात. मग एकदम भरपेट खाल्लेलं पचत नाही आणि त्या न पचलेल्या प्रथिनावर ई. कोलाय हा हगवणीचा जंतू माजतो. माझी पिल्लं आधी उपाशी राहिली, मग आजारी पडली.

एक मेलेलं पिल्लू बर्फात घालून मी मोटरसायकलवर ४० किलोमीटर तपासणीला नेलं. खिडकीवरच्या माणसाने डबा उघडलाही नाही. ‘पत्र आणा, सोमवारी या.’ तो शुक्रवार होता. सोमवारपर्यंत काय तपासणार होते? गाय असती तर असं परत पाठवलं नसतं, हे मी आजही म्हणतो. डुकरं पाळणाऱ्याचं पोट त्याच जनावरावर असतं.

आता मी ओवा पिल्लांना अचानक दाखवतच नाही. व्यायच्या आधीचे दोन-तीन आठवडे आणि दूध पाजताना मादीच्या खाद्यात थोडा, मग दहाव्या दिवसापासून पिल्लांच्या क्रीप फीडमध्ये, म्हणजे दूध पीत असतानाच त्यांना वेगळं ठेवतो त्या खाद्यात, चिमूटभर. आईच्या खाद्यातला वास ओळखीचा झालेला असतो. नेदरलँड्समध्ये बडीशेपेसारख्या वासावर असे प्रयोग झाले आहेत आणि तोडल्यावर पिल्लं लवकर खायला लागली. तोडल्यावर मी शंभर किलो खाद्याला पाव किलोच्या वर ओवा घालत नाही. हे माझ्या शेडचं माप आहे, मी डॉक्टर नाही, तुमच्या खाद्यात काय आहे ते मला माहीत नाही. जागा मात्र त्याच दिवशी बदलू नका. मादीला हलवा, पिल्लं तिथेच राहू द्या.

हॉटेलचं खरकटं देत असाल तर ते उकळायलाच हवं, २०२० पासून देशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा खरकट्यातूनही पसरणारा डुकरांचा जीवघेणा रोग आहे. पण पावडर उकळत्या कढईत टाकू नका. सगळा सुगंध वाफेबरोबर जातो, म्हणजे तुमचे पैसेच जातात. हात घालता येईल इतकं निवल्यावर मिसळा. आणि चुनखडीचा भुगा तोडल्यावरच्या खाद्यात कमी ठेवा, तो पोटातलं आम्ल खातो. पिल्लाचं आम्ल आधीच कमी असतं.

कोणी कोलिस्टिन या अँटिबायोटिकची पुडी देऊ केली तर घेऊ नका. खाण्याच्या जनावरांसाठी ते आपल्याकडे २०१९ पासून बंद आहे. पापण्या सुजल्या, पिल्लू झोकांड्या खाऊ लागलं किंवा विष्ठेत रक्त दिसलं, तर ओवा-हळदीचं नावही काढू नका, तासाभरात डॉक्टर बोलवा. तोवर ओआरएसचं पाणी उथळ भांड्यात ठेवा, दर दोन तासांनी ताजं.

तुमच्या फोटोत पाण्याचं निप्पल मोठ्या डुकरांच्या उंचीला दिसतंय. लहान पिल्लाचं तोंड तिथे पोचत नाही. आज रात्रीच खाली दोन विटा ठेवा आणि पहिले दोन दिवस निप्पल थेंब-थेंब गळतं राहू द्या, म्हणजे त्यांना पाणी कुठे आहे ते कळेल.