झगा उतरवला की नाही?

प्रश्न : अल्बानियात एक ऑर्थोडॉक्स बिशप धर्मपद सोडून राजकारणात गेला आणि पंतप्रधान झाला, असं ओझरतं वाचलं. नाव दिलेलं नव्हतं. हे खरं का? आणि धर्माधिकाऱ्याला असं करता येतं का?
– एक जुने वाचक

उत्तर : बिशप (ऑर्थोडॉक्स या पूर्वेकडच्या ख्रिस्ती पंथाचा वरिष्ठ धर्माधिकारी) खरा, पंतप्रधानपदही खरं. ‘धर्मपद सोडून’ एवढे शब्द मात्र खोडा.

नाव फान नोली. नोव्हेंबर १९२३ मध्ये बिशप झाले, जून १९२४ मध्ये पंतप्रधान. झगा तोच, दाढी तीच. मी इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण वर्गात हे नाव घ्यायची वेळ कधी आली नाही. आपल्याकडे बाल्कन म्हटलं की पहिलं महायुद्ध पेटवणारी साराजेव्होची गोळी सुटते आणि धडा संपतो!

या माणसाचं उलटंच होतं. धर्म सोडून ते राजकारणात गेले नाहीत, राजकारणापायी धर्मपदापर्यंत पोचले. तरुणपणी नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते, पुढे इजिप्तमध्ये मास्तरकी केली, १९०६ मध्ये अमेरिका गाठली. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधल्या हडसन गावात एक अल्बानियन तरुण वारला. तो अल्बानियन राष्ट्रवादी, म्हणून ग्रीक पाद्र्यानं अंत्यविधीला साफ नकार दिला. प्रेताला प्रार्थनेशिवाय माती मिळाली. यामागचा हिशेब असा की अल्बानिया तेव्हा ज्यात होता त्या ऑस्मानी (तुर्की) साम्राज्यात माणसाची नोंद भाषेवर नव्हे, धर्मावर होई. ऑर्थोडॉक्स म्हणजे ग्रीक धर्मपीठाखालचा, म्हणजे जवळजवळ ग्रीकच. ‘मी ऑर्थोडॉक्स आहे पण अल्बानियन आहे’ हे नुसतं म्हणणंसुद्धा बंड ठरायचं. अमेरिकेतल्या अल्बानियनांनी ठरवलं, आपला पाद्री आपण करू. मार्च १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या रशियन आर्चबिशपांनी नोलींना दीक्षा दिली आणि त्याच महिन्यात बोस्टनमध्ये त्यांनी अल्बानियन भाषेत उपासना चालवली. आता ही उपासना धर्मात धरायची की राजकारणात, तुम्हीच सांगा.

पंतप्रधानकी सहा महिनेच टिकली. वीस कलमी कार्यक्रम होता, त्यात जमिनींचं फेरवाटप होतं. ते करणार म्हटल्यावर जमीनदार उठले. झालं नाही म्हणून शेतकरी गेले. पुढे ही चूक त्यांनी स्वतःच कबूल केली, आणि राजकारणी माणसाकडून इतकी चोख कबुली मी क्वचित वाचली आहे. डिसेंबरात त्यांचे राजकीय प्रतिस्पर्धी अहमद झोगू युगोस्लाव्हियाच्या मदतीनं चालून आले आणि नोली देशाबाहेर पळाले. मागे त्यांना मृत्युदंड सुनावला गेला.

नियमाचं म्हणाल तर तो अगदी स्पष्ट आहे. ‘अपोस्टॉलिक कॅनन’ या जुन्या नियमावलीत सहावाच नियम सांगतो की बिशप, पाद्री किंवा डीकन (पाद्र्याच्या खालचा धर्मसेवक) यांनी ऐहिक कारभार अंगावर घेऊ नये, घेतला तर पदावरून काढावं. पण नियमाचा दांडा कोणाच्या पाठीत बसेल हे त्या वेळच्या हवेवर. सायप्रसचे आर्चबिशप मकारिओस १९६० पासून राष्ट्राध्यक्ष होते. १९७३ मध्ये तिथल्या तीन बिशपांनी हेच कारण काढून त्यांना पदच्युत केलं. मकारिओस यांनी बाहेरच्या धर्मपीठांना बोलावून मोठी धर्मसभा भरवली आणि पदच्युत झाले ते तिघेच! उलट रशियात १९९३ मध्ये निवडणुकीला उभं राहू नका असं धर्मसभेनं बजावलं. ग्लेब याकुनिन या पाद्र्यांनी ऐकलं नाही. ते ड्यूमात (रशियाच्या संसदेत) गेले, पाद्रीपण मात्र गेलं.

खरोखर झगा नाकारणारा माणूस हवा असेल तर माँटेनेग्रोत चला. तिथं बिशपच राज्य करायचा. ऑर्थोडॉक्स पाद्र्याला दीक्षेआधी लग्न करता येतं, बिशपला मात्र बायको चालत नाही. त्यामुळे गादी बापाकडून मुलाकडे नव्हे, काकाकडून पुतण्याकडे जाई. १८५१ मध्ये पाळी दानिलो यांची आली. त्यांनी बिशप व्हायचंच नाकारलं, १८५२ मध्ये नुसते राज्यकर्ते झाले आणि १८५५ मध्ये एका व्यापाऱ्याची मुलगी दारिंका हिच्याशी लग्न केलं. राज्यकारभार आणि धर्मपद यांची शतकानुशतकांची गाठ तिथं सुटली.

नोली १९३२ मध्ये अमेरिकेत परतले. बोस्टनला आपल्या चर्चमध्ये पुन्हा उभे राहिले, पन्नाशी उलटल्यावर संगीत शिकले, बेथोव्हेनवर पुस्तक लिहिलं. शेक्सपिअर तर त्यांनी त्याआधीच अल्बानियनमध्ये आणला होता. १९६५ मध्ये फ्लोरिडात वारले. माजी पंतप्रधान होऊन चाळीस वर्षं झाली होती. बिशप मात्र ते माजी नव्हते.