साम्यवादानंतरच्या धर्मावर पीएच.डी. करायची तर

मृण्मयी,

पुण्यात मानवशास्त्राचं एम.ए. झालंय, आता साम्यवाद कोसळल्यानंतरच्या धर्मावर जर्मनीत पीएच.डी. करायची आहे, तर तयारी कुठून सुरू करू, असं विचारलं आहेस. मी सहा वर्षं हाल्ले शहरात आहे, फिल्डवर्क रोमेनियात केलं. त्यावरून सांगते.

भाषेपासून सुरू कर. जर्मन इथे येऊनही शिकशील. पण ज्या गावात वर्षभर राहायचंय, तिथली भाषा आत्ताच धर. मी तीन महिन्यांच्या रोमेनियनवर ट्रान्सिल्वेनियात गेले. तिथल्या ग्रीक-कॅथलिक चर्चवर (पोपला मानणारं, पण पूजेची रीत ऑर्थोडॉक्स असलेलं चर्च) १९४८ साली सरकारनं बंदी घातली आणि त्यांच्या बहुतेक इमारती ऑर्थोडॉक्स चर्चला दिल्या. १९८९च्या अखेरीस साम्यवादी सरकार पडल्यावर बंदी उठली, पण इमारत कुणाची हा वाद गावोगाव राहिला. मी आज्यांना विचारत होते, श्रद्धा परत कधी आली? त्या सांगत होत्या, चर्चची किल्ली कुणाकडे असते. ते किल्लीचं बोलणं नीट कळायला मला पाच महिने लागले, आणि माझा सगळा प्रबंध शेवटी त्यावरच उभा राहिला. धर्म कुठेतरी गेला होता आणि परत आला, असं आधीच धरून येऊ नकोस गं.

सोन्या ल्यूरमान यांचं काम जरूर वाच. जन्मानं जर्मन, फ्रँकफुर्टला शिकल्या, आधी अलास्कातल्या गावांवर काम केलं, मग अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात मानवशास्त्र आणि इतिहास मिळून पीएच.डी. केली. रशियातल्या व्होल्गाकाठच्या मारी एल प्रजासत्ताकात त्यांना दिसलं की सोव्हिएत काळात नास्तिकतेचा प्रचार करताना कमावलेली शिकवण्याची हातोटी पुढे धर्म शिकवायलाही कामी आली. दफ्तरखान्यातली कागदपत्रं आणि गावातली माणसं, दोन्हींशी बसल्याशिवाय हे हाती लागत नाही. २०१९मध्ये त्या गेल्या, फार लवकर. मारी लोक राखलेल्या वनांत प्रार्थना करतात. आपल्या देवराया पाहिलेल्या मुलीला ते चटकन जवळचं वाटेल. वाटू दे, पण आपल्या देवराईचा अर्थ त्यांच्यावर लादू नकोस.

२०२२च्या युक्रेन युद्धानंतर मात्र रशियात फिल्डवर्क फार अवघड झालंय. रोमेनिया, मंगोलिया बघ. किंवा अल्बानिया, जिथे १९६७ साली धर्मावर सरसकट बंदी आली होती.

हाल्लेच्या मॅक्स प्लांक सामाजिक मानवशास्त्र संस्थेत ख्रिस हान यांनी या विषयाचा मोठा गट उभा केला होता. ते आता निवृत्त आहेत, त्यामुळे संस्थेचं नाव पाहून अर्ज करू नकोस. आधी मार्गदर्शक शोध, त्यांना लिही.

पगाराचा करार असेल तरच ये. स्वखर्चानं यायचं तर विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४पासूनचा आकडा), आणि फिल्डवर्कचा खर्च वेगळाच.

दोन पानांचा प्रस्ताव लिहून पाठव. मी ओळ न् ओळ वाचेन.